दोन-दोन-दोन-तीन

परदेशदौऱ्यावरून परतणारा कलावंत बरोबर काय घेऊन येतो? घड्याळ, अत्तर, हारतुऱ्यांचे फोटो. डेव्ह ब्रूबेक हे अमेरिकन जॅझ पियानोवादक १९५८ साली दौऱ्यावर गेले आणि येताना नऊ मात्रा घेऊन आले. मी कवितेचा माणूस. मात्रा मोजणं हा माझा रोजचा उद्योग. म्हणून ही हकिगत मला फार जवळची वाटते.

काळ शीतयुद्धाचा होता. अमेरिकेत काळ्या माणसांना मिळणाऱ्या वागणुकीवर सोव्हिएत रशिया बोट ठेवत असे आणि ते बोट चुकीच्या जागी नव्हतं. तेव्हा आपली प्रतिमा सुधारण्यासाठी अमेरिकन सरकारनं जॅझ वादकांना देशोदेशी पाठवायला सुरुवात केली. १९५६ मध्ये डिझी गिलेस्पी गेले. दोन वर्षांनी ब्रूबेक यांच्या चौकडीची पाळी आली. पियानोवर ते स्वतः, सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, ड्रमवर जो मोरेलो आणि बास वाजवणारे यूजीन राइट. चौघांपैकी राइट कृष्णवर्णीय.

निघण्याच्या तोंडावर, फेब्रुवारीत, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका महाविद्यालयात त्यांचा कार्यक्रम होता. राइट यांना रंगमंचावर येता येणार नाही, असं तिथं सांगण्यात आलं. ब्रूबेक म्हणाले, मग आम्ही कुणीच येणार नाही. बाहेर विद्यार्थी पाय आपटू लागले. शेवटी परवानगी मिळाली, पण राइट यांनी मागेच राहावं या अटीवर. कार्यक्रम सुरू झाल्यावर ब्रूबेक यांनी माइक बिघडल्याची सबब काढली आणि राइट यांना वाजवण्यासाठी थेट पुढच्या माइकवर बोलावून घेतलं. आपल्याच देशात ज्याला पुढं उभं राहायला जागा नाही, तो माणूस थोड्याच दिवसांत त्याच देशाचा प्रतिनिधी म्हणून परमुलखात वाजवणार होता.

पोलंड, तुर्कस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, सिलोन, इराण, इराक असा तो लांबलचक प्रवास. यात पियानोवाल्याची अडचण वेगळीच असते. सॅक्सोफोन पेटीत घालून नेता येतो. पियानो मात्र ज्या गावात जो मिळेल तो, उतरलेला असो की दमट हवेनं फुगलेला. पोलंडमध्ये ब्रूबेक यांनी शोपँचं घर पाहिलं आणि त्या भारलेल्या मनानं एक रचना केली. तिचं नाव ठेवलं ‘जेंकूये’, म्हणजे पोलिश भाषेत ‘आभारी आहे’.

इस्तंबूलमध्ये एके दिवशी ते रेडिओ केंद्राकडे निघाले होते. रस्त्यात काही वादक वाजवत होते. ब्रूबेक यांचे कान टवकारले. ही लय चारांत बसेना, तिनांतही बसेना. आता तुम्हीही मांडीवर टाळी देऊन पाहा: एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. झाल्या नऊ. तुर्की भाषेत अशा लयींना ‘अक्साक’ म्हणतात, म्हणजे लंगडी. शेवटच्या तिनाला पाऊल अडखळल्यासारखं होतं आणि त्या अडखळण्यातच सगळी गोडी. रेडिओ केंद्रावरच्या वादकांना ब्रूबेक यांनी त्याविषयी विचारलं. तुम्हाला जसा ब्लूज, तशी आम्हाला ही लय, असं उत्तर मिळाल्याचं ते पुढं सांगत असत.

भारतात मुंबईला ते सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसले. आपल्या कानांना विषम मात्रांचं नवल नाही. झपताल दोन-तीन-दोन-तीन असा दहांचा, रूपक तीन-दोन-दोन असा सातांचा. जॅझचा संसार मात्र तोवर बहुतांशी चार मात्रांत चालला होता. आपल्याला घरचं वाटतं, ते त्यांना नव्यानं सापडत होतं.

परतल्यावर १९५९ मध्ये ‘टाइम आउट’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिची सुरुवातच त्या इस्तंबुली नऊ मात्रांनी होते; रचनेचं नाव ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’. डेझमंड यांची पाच मात्रांची ‘टेक फाइव्ह’ही याच ध्वनिमुद्रिकेतली. असलं कोण ऐकणार, अशी शंका कंपनीतल्या लोकांना होती. पण जॅझमधल्या सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांत ती जाऊन बसली.

आणि यूजीन राइट? १९६० मध्ये दक्षिणेकडच्या महाविद्यालयांचा दौरा ठरला, तेव्हा अनेकांनी पुन्हा तीच अट घातली: बासवाला गोरा आणा. ब्रूबेक यांनी नकार दिला आणि ठरलेले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. पैशांचं नुकसान मोठं होतं. राइट मात्र १९६७ पर्यंत, म्हणजे चौकडी मोडेपर्यंत त्यांच्याबरोबर राहिले.

मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. परक्याची लय आपल्या मापात न कोंबता तिच्याच मापानं मोजायची, हे ज्या कानाला कळतं, त्याच कानाला शेजारच्या माणसाचा अपमानही ऐकू येतो. निदान ब्रूबेक यांच्या बाबतीत तसं घडलं.

ती रचना मिळाली तर जरूर ऐका आणि मोजून पाहा. चुकलात तरी संकोच नको. भर रस्त्यात तीच लय मोजायला ब्रूबेकही थबकले होते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)