ड्रॅग शर्यतीच्या धावपट्टीचा ढाळ आणि धावकाल

मोटारींच्या शर्यतींमध्ये ड्रॅग शर्यतीइतकी साध्या नियमांची शर्यत क्वचितच आढळेल. दोन मोटारी शेजारच्या दोन मार्गिकांवर स्थिर उभ्या राहतात, दिव्याची खूण होताच निघतात आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२.३ मीटर अंतर तोडतात. अमेरिकेतील सर्वांत वेगवान वर्गांसाठी हे अंतर २००८ साली ३०४.८ मीटरवर आणण्यात आले. धावकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला जातो. इतक्या सूक्ष्म मापनाला अर्थ यावयाचा, तर ज्या पट्टीवर ते घेतले जाते ती पट्टीही तितकीच निश्चित असावयास हवी. लांबी निश्चित असते. ढाळ मात्र स्थलपरत्वे बदलतो.

या भिन्नतेचे मूळ धावपट्ट्यांच्या जन्मकथेत आहे. १९५० साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर या शर्यती सुरू झाल्या. इंग्लंडमधील सांता पॉड ही पट्टी १९६६ साली पॉडिंग्टनच्या युद्धकालीन विमानतळावर उभी राहिली. पुणे जिल्ह्यातील अँबी व्हॅली येथेही अशा शर्यती विमानांच्या धावपट्टीवरच झालेल्या आहेत. विमानाच्या धावपट्टीला थोडा ढाळ चालतो. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मोठ्या धावपट्टीचा एकूण ढाळ एक टक्क्यापर्यंत, तर लहान धावपट्टीचा दोन टक्क्यांपर्यंत असू शकतो. मुद्दाम बांधलेल्या पट्ट्यांतही भूमीचा मूळ उतार आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांचा विचार करावा लागतो.

एक टक्का ढाळ म्हणजे शंभर मीटरमागे एक मीटर चढ किंवा उतार. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो. उतारावर त्यामुळे मोटारीला मिळणारे जादा त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या एक शतांश, म्हणजे दर सेकंदास सेकंदाला ०.०९८ मीटर एवढेच असते. सपाट पट्टीवर बारा सेकंद घेणारी मोटार विचारात घेऊ. प्रथम तिचे त्वरण अखेरपर्यंत एकसारखे राहते असे मानू. बारा सेकंदांत हे जादा त्वरण तिला सुमारे सात मीटर पुढे नेईल. अंतिम रेषेवर तिचा वेग सेकंदाला ६७ मीटर असल्याने हे सात मीटर ०.१०५ सेकंदाच्या बरोबरीचे ठरतात. प्रत्यक्षात वेग वाढतो तसतसे त्वरण घटते, कारण इंजिनाची शक्ती मर्यादित असते. शक्ती स्थिर मानून तेच गणित केले, तर फरक ०.०९४ सेकंद येतो. चढ असल्यास धावकाल जवळजवळ तितकाच वाढतो. पुढील आकडे या दुसऱ्या गृहीतकावर आधारलेले आहेत.

या गणितातून एक महत्त्वाचा नियम निष्पन्न होतो. जादा त्वरणाने मिळणारे अंतर कालाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तर अंतिम वेग कालाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून ढाळाचा परिणाम धावकालाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एक टक्का ढाळाने आठ सेकंदांच्या मोटारीला ०.०२८, बारा सेकंदांच्या मोटारीला ०.०९४, तर सोळा सेकंदांच्या मोटारीला ०.२२२ सेकंदांचा फरक पडतो. म्हणजे चढाचा जाच मंद मोटारीला अधिक होतो. समान मोटारींच्या झुंजीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण चढ दोघांनाही सारखाच असतो. परंतु मंद मोटारीला आधी सोडून तिला पूर्वनिश्चित सवलत देण्याच्या पद्धतीत तो गंभीर होतो. बारा आणि सोळा सेकंदांच्या मोटारींतील चार सेकंदांची सवलत सपाट पट्टीवरून ठरविली असेल, तर एक टक्का चढावर ती ०.१३ सेकंदाने अपुरी पडते. अंतिम रेषेवर हे अंतर जवळजवळ एका मोटारीच्या लांबीइतके भरते. चालकाने त्याच पट्टीवरील सरावावरून स्वतःचा धावकाल सांगितला असेल, तर मात्र हा दोष उरत नाही.

केवळ सरासरी ढाळ सांगूनही भागत नाही. दोन पट्ट्यांचा एकूण उतार एक मीटरच आहे, परंतु एकीवर तो पहिल्या शंभर मीटरांत आणि दुसरीवर शेवटच्या शंभर मीटरांत आहे, असे समजू. बारा सेकंदांच्या मोटारीचे पहिल्या पट्टीवर सुमारे ०.०४९ सेकंद वाचतात, तर दुसरीवर केवळ ०.००४. आरंभी मिळालेला वेग उरलेल्या साऱ्या अंतरात उपयोगी पडतो, अखेरीस मिळालेल्या वेगाला वावच राहत नाही. योहान बेर्नुली याने १६९६ साली शीघ्रतम अवतरणाचा जो प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवला, त्याच्या उत्तरातील वक्राचा आरंभही तीव्र उताराचा आहे, हे येथे स्मरणीय ठरते. म्हणून दोन्ही टोके एका पातळीत असून मध्ये किंचित खोलगट असलेली पट्टीसुद्धा सपाट पट्टीपेक्षा वेगवान ठरते.

इतर क्रीडांनी या प्रश्नाची दखल घेतलेली दिसते. धावण्याच्या स्पर्धांत मार्गाचा उतार हजारास एकपेक्षा अधिक चालत नाही. भूपृष्ठावरील वेगाच्या जागतिक विक्रमासाठी एका तासाच्या आत परस्परविरुद्ध दिशांनी दोन धावा करून सरासरी काढतात, त्यामुळे ढाळ आणि वारा यांचा परिणाम बराचसा नाहीसा होतो. ड्रॅग शर्यतीत धाव एकाच दिशेने होते. अमेरिकेत विक्रमाच्या पुष्टीसाठी एक टक्क्याच्या आतील दुसरी धाव दीर्घकाळ मागितली जात असे. परंतु तीही त्याच पट्टीवर, त्याच दिशेने होत असल्यामुळे तिने ढाळाचा परिणाम पुसला जात नसे.

स्थळाच्या उंचीचा परिणाम अर्थातच याहून मोठा असतो. डेन्व्हरनजीकची, २०२३ पर्यंत चाललेली बँडिमियर पट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर होती. तेथील विरळ हवेत साध्या इंजिनाची शक्ती सुमारे एक षष्ठांशाने घटते आणि बारा सेकंदांच्या धावकालात अर्ध्या सेकंदाहून अधिक भर पडते. उंचीसाठी सुधारणागुणक ठरविलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. तथापि एक दशांश सेकंदाचा फरक करणारा ढाळ, तो लहान आहे एवढ्यावरून उपेक्षणीय ठरत नाही. कारण निकाल हजारांश सेकंदावर लागतो. पट्टीच्या लांबीबरोबर दर काही मीटरवरील पातळीचा आलेख उपलब्ध असेल, तरच निरनिराळ्या स्थळांच्या धावकालांची तुलना शास्त्रशुद्ध म्हणता येईल. एरवी त्या आकड्यांत मोटारीचे कर्तृत्व किती आणि भूमीचे किती, याचा निवाडा करता येणार नाही.