ओळख सापांची (भाग ४) : मण्यार आणि कवड्या

मण्यार हा महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी सापांपैकी एक, तर कवड्या पूर्णपणे बिनविषारी. दोघेही रात्री बाहेर पडतात, दोघेही घरात शिरतात आणि दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. पट्टे दिसले की मण्यार, या समजुतीपायी कवड्या हकनाक मारला जातो. मण्यारला कवड्या समजणे मात्र जिवावर बेतते.

मण्यारचा रंग निळसर काळा व चकचकीत, कवड्याचा तपकिरी. पण बॅटरीच्या उजेडात रंग फसवतो, म्हणून आधी पट्टे पाहावेत. मण्यारचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने असतात. ते डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. ही खूणही सर्वत्र लागू पडत नाही. काही मण्यारांच्या अंगावर पट्टे जवळजवळ नसतातच, आणि पट्टेरी कवड्या ही दुसरी बिनविषारी जात काळ्या रंगाचीच असते.

खात्रीची खूण खवल्यांत आहे. मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. कवड्याच्या पाठीवरचे खवले सारख्याच आकाराचे असतात. शेपटीच्या खालच्या बाजूचे खवले मण्यारमध्ये अखंड, तर कवड्यामध्ये दुभागलेले असतात. जिवंत सापाच्या इतक्या जवळ जाऊन हे पाहणे हा वेडेपणा ठरेल. घरात सापडलेल्या कातीवर मात्र दोन्ही खुणा स्वच्छ दिसतात. कात उजेडासमोर धरली की पाठीवरची षटकोनांची रांग लगेच नजरेत भरते.

सवयींवरूनही अंदाज येतो. पालींच्या मागे भिंतीवर सहज चढणारा साप बहुधा कवड्या असतो. मण्यार सहसा जमिनीवर वावरतो. पण हा अंदाजच, पुरावा नव्हे.

मण्यारच्या दंशाची जागा अनेकदा दिसत नाही. वेदना व सूजही नगण्य असते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश झाल्याचे कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, उलट्या होतात, आणि ते अपचन समजून ओवा-सोडा दिला जातो. पुढे पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्याला अशी लक्षणे दिसली, तर दंशाची खूण शोधण्यात वेळ घालवू नये.

साप ओळखता आला नाही, तरी उपचार अडत नाहीत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष दिले जाते. त्यामुळे साप मारून किंवा पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. साप कोणता, याबद्दल शंका असेल तर तो मण्यार आहे असेच धरून चालावे आणि रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

पुढील भागात : घोणस आणि डुरक्या घोणस