तेजोमेघांचें छायाचित्रण

हिवाळ्याच्या निरभ्र रात्रीं मृग नक्षत्र वर आलें म्हणजे त्यांतील एका ओळींतले तीन तारे कोणाचेंही लक्ष वेधून घेतात. मृगाच्या पोटांत शिरलेला व्याधाचा बाण तो हाच. या बाणाच्या किंचित् दक्षिणेस पाहिलें, तर एक पुसट, धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. सुमारें १,३५० प्रकाशवर्षें अंतरावरचा तो वायूचा व धुळीचा प्रचंड ढग असून त्याच्या पोटांत आजही नवे तारे जन्म घेत आहेत. यास आपण मृगांतील तेजोमेघ म्हणूं. फ्रेंच ज्योतिर्विद मेसिए याच्या यादींत त्याचा क्रमांक ४२ वा आहे.

पुस्तकांतून या तेजोमेघाचें गुलाबी, जांभळें, पंख पसरल्यासारखें रूप आपण सर्वांनीं पाहिलेलें असतें. परंतु प्रत्यक्ष दुर्बिणीस डोळा लाविल्यावर मात्र करड्या रंगाचें अभ्रक तेवढें दिसतें. पुष्कळांची येथें निराशा होते आणि तें चित्र खरें कीं आपला डोळा खरा, अशी शंका मनांत येते. या शंकेचें उत्तर देणें, आणि असें छायाचित्र आपणांस घरच्या साधनांनीं कसें घेतां येईल हें सांगणें, हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम डोळ्याची मर्यादा पाहूं. मंद प्रकाशांत आपल्या नेत्रपटलावरील ज्या पेशी काम करितात, त्यांना रंग ओळखतां येत नाहीं. शिवाय डोळा प्रकाश सांठवीत नाहीं. सेकंदाचा अल्पसा अंश लोटला कीं जुनी प्रतिमा पुसून तो नवी घेतो. त्यामुळें एखाद्या अंधुक वस्तूकडे तासभर टक लावून पाहिलें, तरी ती अधिक तेजस्वी होत नाहीं. कॅमेऱ्याचें तसें नाहीं. त्याची झडप जितका वेळ उघडी, तितका प्रकाश त्याच्या पदरीं पडतो. थेंबें थेंबें तळें सांचे, हाच या विद्येचा पाया होय.

हें सामर्थ्य प्रथम सिद्ध झालें तें १८८० सालीं. न्यूयॉर्कचे हेन्री ड्रेपर हे व्यवसायानें वैद्य. त्यांनीं ३० सप्टेंबर १८८० रोजीं ११ इंची दुर्बिणींतून सुमारें ५० मिनिटें प्रकाश घेऊन याच तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र टिपलें. पुढें १८८३ सालीं इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन या हौशी अभियंत्यानें ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांत, त्याच दुर्बिणींतून डोळ्यांना न दिसणारे तारे उमटले. त्या दिवसापासून कॅमेरा हा चित्रकाराचा मदतनीस न राहतां स्वतंत्र द्रष्टा झाला.

ड्रेपर यांच्या ओल्या-कोरड्या कांचांची जागा आज डीएसएलआर कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टीनें घेतली आहे. घरांत असा कॅमेरा असेल, तर त्याचें भिंग काढून, टी-रिंग नांवाच्या कड्याच्या साहाय्यानें तो दुर्बिणीस जोडतां येतो. म्हणजे दुर्बीण हेंच कॅमेऱ्याचें भिंग होतें. दुर्बीण फार मोठी हवी असें नाहीं. ८० मिलीमीटर व्यासाची, ५०० मिलीमीटर नाभीय अंतराची लहान भिंगाची दुर्बीण आरंभास उत्तम. तिच्यांतून आकाशाचा सुमारें अडीच अंश रुंदीचा तुकडा चित्रांत येतो, व चंद्रबिंबाच्या दुप्पट पसरलेला हा तेजोमेघ त्यांत सुखानें मावतो.

खरी अडचण निराळीच आहे. पृथ्वी फिरते, म्हणून तारे दर तासाला १५ अंश सरकतात. वर सांगितलेल्या दुर्बिणींत कॅमेरा स्थिर ठेवला, तर एका सेकंदांत तारा चित्रांतले नऊ-दहा बिंदु ओलांडून जातो, आणि ठिपक्याच्या जागीं रेघ उमटते. यावर उपाय म्हणजे ज्या आधाराचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाशीं समांतर असतो, असा विषुववृत्तीय आधार. लहान विद्युत्-यंत्र त्यास ताऱ्यांच्या गतीनें फिरवीत राहतें. हा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा क्षितिजावर आपल्या अक्षांशाइतका उंच असतो. म्हणजे पुण्यास तो साडेअठरा अंशांवर शोधावा. मात्र खरा ध्रुवबिंदु ताऱ्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूस आहे, हें विसरूं नये. पैसा मोजका असेल, तर तो दुर्बिणीपेक्षां या आधारावर खर्चावा. डळमळत्या पायावर उत्तम भिंगही व्यर्थ होय.

आतां प्रत्यक्ष कृति. अमावास्येच्या आसपासची, डिसेंबर ते फेब्रुवारीमधील रात्र निवडावी. एखाद्या ठळक ताऱ्यावर दुर्बीण रोखून प्रतिमा रेखीव करून घ्यावी. दुर्बिणीच्या तोंडावर बाख्तिनोव्ह जाळी ठेवली, तर ताऱ्याभोवतीं तीन किरण दिसतात, आणि मधला किरण बरोबर मध्यावर आला कीं काम साधलें असें समजावें. कॅमेऱ्याची संवेदकता ८०० किंवा १,६०० ठेवून, मूळ स्वरूपाच्या म्हणजे रॉ फाइलींत, प्रत्येकी ३० सेकंदांचीं चित्रें घ्यावीं. एकदोन नव्हेत, शंभर घ्यावीं.

शंभर कशासाठीं? प्रत्येक चित्रांत तेजोमेघाच्या प्रकाशाबरोबर कांहीं खडबडीतपणा, कण कण मिसळलेला असतो. चित्रें एकावर एक रचलीं म्हणजे खरा प्रकाश शंभरपट होतो. परंतु हा खडबडीतपणा स्वैर असल्यामुळें दहापटच वाढतो. म्हणजे एकंदरींत चित्र दहापट निर्मळ होतें. ही रचना डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल यांसारखे विनामूल्य संगणक-कार्यक्रम करून देतात. जोडीला दुर्बिणीवर झांकण ठेवून तितक्याच वेळाचीं कांहीं अंधारचित्रें, आणि सारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाचीं कांहीं समचित्रें घ्यावीं. पहिल्यांनीं कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा होतात, तर दुसऱ्यांनीं धुळीचे डाग व कडांची काळोखी जाते. तेजोमेघाचा गाभा फार तेजस्वी असल्यानें तो पांढरा फटक पडतो. त्याकरितां पांच सेकंदांचीं कांहीं चित्रें निराळीं घेऊन मागाहून मिसळावीं.

आतां रंगांविषयीं. त्यांतला लाल रंग तप्त हायड्रोजनचा. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर. गाभ्यांतील हिरवट छटा, ५०१ नॅनोमीटरच्या आसपासची, हिचें कोडें फार दिवस सुटलें नव्हतें. पृथ्वीवर न आढळणारें कोणी 'नेब्युलियम' नांवाचें मूलद्रव्य तेथें असावें, असा तर्क होता. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नेगमवाला यांनींही १८९१ च्या सुमारास मृगांतील तेजोमेघाच्या याच रेषेचे वेध घेतले होते. ती रेषा विद्युद्भारित ऑक्सिजनची आहे, हें बोवेन यांनीं १९२७ सालीं दाखविलें. तेव्हां हे रंग कोणी कुंचल्यानें भरलेले नाहींत. साधा डीएसएलआर तर लाल प्रकाशाचा बराचसा भाग अडवितो, कारण तो माणसांचे चेहरे नैसर्गिक दिसावेत म्हणून बनविलेला असतो. अंधुक भाग सर्वत्र एकाच नियमानें उजळणें यांत लबाडी नाहीं. जें प्रकाशानें आणून दिलें नाहीं, तें चित्रांत घालणें ही मात्र लबाडीच होय. हा विवेक नवशिक्यानें पहिल्या रात्रींपासून पाळावा.

शेवटीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. साधनें दिवसेंदिवस सुलभ होत आहेत, परंतु अंधार दुर्मिळ होत आहे. आपल्या शहरांतले दिवे रस्त्याबरोबर आकाशही उजळतात, आणि त्या उजेडांत तेजोमेघाच्या कडा बुडून जातात. कितीही चित्रें रचलीं, तरी त्यांची पूर्ण भरपाई होत नाहीं. म्हणून वर्षांतून एक-दोन रात्री मुलाबाळांसह शहराबाहेर जाणें हा या छंदाचा भागच समजावा. दिव्यांवर खालीं प्रकाश टाकणारी झांपडें बसवावीं, अनावश्यक दिवे मालवावे, एवढें प्रत्येक कुटुंबाच्या हातीं आहे. साडेतेराशें वर्षें वाट तुडवीत आलेला प्रकाश आपल्या अंगणांतल्या दिव्यापाशीं येऊन हरपावा, हें बरें नव्हे.