जाहिरातीतला आकडा खरा, तरीही ट्रेलर जड: पिकअप ट्रक आणि फिफ्थ व्हीलची जोडी कशी जुळवतात?

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या जाहिरातीत एक आकडा ठळक अक्षरांत असतोच. समजा, 'हा ट्रक १३,००० पौंड ओढू शकतो', म्हणजे जवळपास ५,९०० किलो. पलीकडे चाकांवरचं घर विकणाऱ्याच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं, ट्रेलरचं वजन ८,२०० पौंड. वजाबाकी केली तर ४,८०० पौंड हातात शिल्लक राहतात. विक्रेताही सांगतो, आरामात ओढेल. तो खोटं बोलत नसतो, कारण ट्रक तो ट्रेलर खरोखरच ओढतो. तरीही ही जोडी चुकीची असू शकते, आणि अनेकांना ते दोन्हींचे हप्ते सुरू झाल्यावर कळतं.

हे कसं, ते समजून घ्यायचं तर आधी ट्रेलर ट्रकला जोडला कुठे जातो ते पाहायला हवं.

पाचवं चाक कुठे असतं?

साधा ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या लोखंडी गोळ्याला जोडतात. फिफ्थ व्हील ट्रेलरचं तसं नसतं. त्याचा पुढचा भाग उंच असतो आणि तो थेट ट्रकच्या हौद्यावर येतो. त्याखाली लोंबणारी जाड पोलादी खुंटी, म्हणजे किंगपिन, हौद्यात बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकते. हा सांधा मागच्या चाकांच्या अगदी वर किंवा किंचित पुढे येतो. न्हावा-शेवा बंदरातून निघणारे कंटेनर ट्रेलर पाहिले असतील, तर ही रचना तुम्ही पाहिलेली आहे. तिथेही पुढचा ट्रक आणि मागचा ट्रेलर अशाच किंगपिनने जोडलेले असतात.

'पाचवं चाक' हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चार चाकांच्या बग्गीचा पुढचा अ‍ॅक्सल वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं कडं बसवलेलं असे. त्या कड्याला फिफ्थ व्हील म्हणत. कडं गेलं, नाव राहिलं.

या जोडणीचा फायदा मोठा आहे. भार मागच्या चाकांच्या डोक्यावर येत असल्याने ट्रेलर शेपटीसारखा डुलत नाही, आणि बाजूने मोठा ट्रक गेला तरी गाडी स्थिर राहते. म्हणूनच महिनोन् महिने भटकणारी निवृत्त जोडपी फिफ्थ व्हील पसंत करतात. पण ही स्थिरता फुकट मिळत नाही.

ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

ज्याने बैलगाडी भरलेली पाहिली आहे, त्याला हा मुद्दा लगेच कळेल. बैल गाडी ओढतात ती ताकद वेगळी आणि जुवावाटे त्यांच्या मानेवर येणारं ओझं वेगळं. माल पुढे जास्त रचला तर जू मानेवर दाबतं, मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते. जातिवंत बैलजोडी दोन टन माल ओढेलही, पण त्यातला किती भार मानेवर घेईल?

ट्रकचंही तसंच आहे. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. फिफ्थ व्हीलमध्ये हेच प्रमाण २० ते २५ टक्के असतं. जाहिरातीतला आकडा ओढण्याचा असतो. फिफ्थ व्हीलच्या बाबतीत मर्यादा आधी संपते ती पेलण्याची, म्हणजे पेलोडची.

हा पेलोड जाहिरातीत शोधू नका. चालकाचा दरवाजा उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर असतं आणि त्यावर प्रवासी व सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. हा आकडा त्या मॉडेलचा नसून त्या विशिष्ट ट्रकचा असतो. सनरूफ, चामड्याच्या सीट, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा असं जे जे कारखान्यात बसवलं, ते त्यातून आधीच वजा झालेलं असतं. त्यामुळे एकाच नावाच्या दोन ट्रकांच्या पेलोडमध्ये काहीशे पौंडांचा फरक सहज असतो. महागडा, सजवलेला ट्रक बहुधा कमी पेलतो.

आता वरच्या उदाहरणाचा हिशोब करू. समजा, स्टिकरवर १,६५० पौंड आहेत. ट्रेलरचं ८,२०० पौंड हे कोरं वजन झालं. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, कपडे नाहीत, मुलांच्या सायकली नाहीत. ६० गॅलनची पाण्याची टाकी भरली की तिथेच ५०० पौंड वाढतात. म्हणून कोऱ्या वजनावर हिशोब करूच नये. ट्रेलरच्या पाटीवर त्याचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं, ते धरावं. इथे ते १०,५०० पौंड आहे असं माना. त्याचे २० टक्के म्हणजे २,१०० पौंड भार हौद्यावर. ट्रकची मर्यादा इथेच ओलांडली गेली, आणि अजून गाडीत कोणी बसलेलंही नाही. त्यात हिचचे १५०, चौघांच्या कुटुंबाचे ५०० आणि हत्यारपेटी वगैरेचे १०० मिळवा. बेरीज २,८५० पौंड. म्हणजे मर्यादेपेक्षा तब्बल १,२०० पौंड जास्त.

उलट बाजूनेही हिशोब करता येतो, आणि खरेदीपूर्वी तोच करावा. पेलोडमधून माणसं, हिच आणि सामान वजा करा, उरलेल्याला ०.२० ने भागा. १,६५० उणे ७५० म्हणजे ९००. भागिले ०.२० म्हणजे ४,५०० पौंड. सामानासकट इतकं हलकं फिफ्थ व्हील मिळणं अवघडच. तरी काही माहितीपत्रकांवर 'हाफ-टन ट्रकने ओढण्याजोगा' असं खुशाल छापलेलं असतं. तिथेही गोम 'ओढण्याजोगा' या शब्दात आहे.

मग १३,००० आला कुठून?

तो हवेतून आलेला नसतो. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ नावाचं मानक ठरवलं आहे आणि मोठे उत्पादक त्यानुसार चाचणी घेतात. त्यातला एक घाट प्रसिद्ध आहे: अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरांचा चढ. भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसह ठरावीक वेगाच्या खाली न येता तो चढायचा. परीक्षा कडक आहे. पण या मानकात ट्रकमध्ये चालक आणि एक प्रवासी धरतात, प्रत्येकी १५० पौंडांचे. त्यात मुलं नाहीत, कुत्रा नाही, हौद्यात जनरेटर नाही. आकडा खरा आहे, फक्त तो तुमच्या घरचा नाही.

मोठा ट्रक घेतला की झालं?

इथे एक गंमत आहे. हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन, वन-टन ही नावं जुन्या काळातली असून आज ती फक्त श्रेणी सांगतात. हाफ-टनची पुढची पायरी थ्री-क्वार्टर-टन. ट्रकच्या स्वतःच्या वजनासह त्यावर येणाऱ्या सगळ्या भाराच्या कमाल मर्यादेला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, आणि या श्रेणीतल्या अनेक ट्रकांमध्ये ती १०,००० पौंडांवर रोखलेली असते. त्यात डिझेल इंजिन घेतलं की ताकद वाढते, ओढण्याचा आकडाही वाढतो. पण डिझेल इंजिन स्वतः पेट्रोल इंजिनापेक्षा बरंच जड असतं आणि वरची मर्यादा तीच राहते. परिणामी पेलोड घटतो. समजा, पेट्रोल ट्रकचा पेलोड ३,२०० आहे आणि तसाच डिझेल ट्रक २,४०० वर येतो. आपले २,८५० पौंड पहिला पेलेल, दुसरा नाही. जास्त पैसे मोजून घेतलेला, जास्त ओढणारा ट्रक इथे नापास होतो. डिझेलचा आग्रह असेल तर वन-टनकडेच जावं, आणि ट्रेलर फार मोठा असेल तर मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेला ट्रक घ्यावा, असं माझं मत.

मर्यादा ओलांडली की ट्रक जागीच मोडत नाही. म्हणून तर लोक वर्षानुवर्षं तसेच चालवतात. मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटू लागतं. मागचे टायर क्षमतेपलीकडे दबले की तापतात, आणि उन्हाळ्यात महामार्गावर फुटतात. ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात, पण लांब उतारावर ट्रकवर येणारा ताण त्याने संपत नाही.

मागची बाजू उचलण्यासाठी स्प्रिंगजवळ हवेच्या पिशव्या बसवून मिळतात. त्यांनी ट्रक सरळ दिसतो, पण स्टिकरवरचा आकडा बदलत नाही, कारण अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेक तेच राहतात. दुसरा उपाय लोक करतात तो वाईटच: जड सामान ट्रेलरच्या शेपटीकडे हलवायचं. पिनवरचा भार कमी होतो, आणि ज्या स्थिरतेसाठी फिफ्थ व्हील घेतलं तीच जाते.

वजनाव्यतिरिक्त हौद्याची लांबीही पाहावी. आठ फुटी हौद्यात अडचण येत नाही. साडेपाच फुटी हौद्यात मात्र तीव्र वळणावर ट्रेलरचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेवर येऊ शकतो. त्यासाठी मागे सरकणारा हिच मिळतो. त्याचंही वजन पेलोडमध्येच धरायचं.

काट्यावर दोनदा

कागदावरचा हिशोब जुळला तरी शेवटी तोलून पाहावं. अमेरिकेतल्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. मालवाहू ट्रकांसाठी असले तरी थोड्या पैशांत कोणालाही तिथे वजन करून मिळतं. काट्याचे वेगवेगळे भाग असल्याने पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलरची चाकं यांचं वजन वेगवेगळं छापून येतं.

पहिल्यांदा ट्रक एकटाच न्यावा, पण हिच बसवून, इंधनाची टाकी भरून आणि सगळ्या कुटुंबाला आत बसवून. समजा, दोन्ही अ‍ॅक्सल मिळून ७,५५० पौंड भरले. मग ट्रेलर प्रवासाला निघतानासारखा भरून, जोडून पुन्हा जावं. आता ट्रकचे दोन अ‍ॅक्सल ९,६५० दाखवत असतील तर पिनचा भार २,१०० पौंड, आणि १०,००० च्या मर्यादेत ३५० शिल्लक. एकूण वजन बसलं तरी मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या त्याच्या स्वतंत्र मर्यादेशी ताडून पाहावा, कारण पिनचा जवळजवळ सगळा भार त्याच्यावरच येतो. ट्रेलर अजून विकत घेतलेला नसेल, तर पहिलं वजन करून विक्रेत्याकडे ती पावती घेऊन जावं.