नादारीचा दावा : कोर्ट फीची माफी की उधारी?

दिवाणी न्यायालयात दाद मागणाऱ्याला, म्हणजे वादीला, वादपत्रासोबत कोर्ट फी भरावी लागते. महाराष्ट्रात १९५९ च्या न्यायालय शुल्क अधिनियमानुसार ती बहुतेक दाव्यांत मागणीच्या मूल्यावर आकारली जात असल्यामुळे, ज्याचे नुकसान अधिक त्यालाच न्यायालयाचा उंबरठा ओलांडण्यासाठी अधिक रक्कम उभी करावी लागते, अशी विपरीत स्थिती निर्माण होते. या अडचणीवरचा जुना उपाय दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३३ मध्ये आहे. ज्याच्याजवळ कोर्ट फी भरण्याइतकी साधने नाहीत, अशा ‘निर्धन व्यक्ती’ला फी न भरता दावा चालवण्याची परवानगी त्यान्वये मिळते, आणि अशा दाव्याला न्यायालयीन व्यवहारात आजही नादारीचा दावा म्हणतात.

निर्धनता ठरवताना दाव्याचा विषय असलेली मालमत्ता हिशेबात धरली जात नाही. कायद्याने जप्तीपासून मुक्त ठेवलेल्या वस्तू, उदाहरणार्थ अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, याही वगळल्या जातात. अर्जदाराला मात्र आपल्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, चौकशीला सामोरे जावे लागते आणि अर्ज सकृद्दर्शनी फेटाळला गेला नाही, तर प्रतिपक्ष व सरकारी वकील या दोघांना नोटीस जाऊन अर्जदाराच्या गरिबीचा पुरावा तपासला जातो; म्हणजे मूळ दाव्याआधी दारिद्र्याचाच एक छोटा दावा लढावा लागतो. अर्जापूर्वीच्या दोन महिन्यांत मालमत्तेची कपटाने विल्हेवाट लावली असल्यास, किंवा दाव्यात कारणच दिसत नसल्यास, अर्ज फेटाळला जातो. तरीही न्यायालय फी भरण्यासाठी मुदत देऊ शकते आणि त्या मुदतीत ती भरल्यास दावा अर्जाच्या तारखेलाच दाखल झाला असे मानले जाते. मुदतीच्या कायद्यामुळे ही तरतूद फार मोलाची ठरते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीचाही समावेश केल्याने, भांडी आणि अंथरुणांचा विचार करून रचलेली ही सवलत कंपन्यांनाही खुली झाली, हे थोडे नवलाचेच.

तथापि आदेश ३३ खऱ्या अर्थाने माफी देत नाही, केवळ वसुली पुढे ढकलतो. वादी जिंकल्यास शासनाला ती फी दाव्याच्या विषयवस्तूवरील पहिला बोजा म्हणून मिळते. हरल्यास ती वादीनेच भरावी असा आदेश होतो आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतात. ज्याच्याजवळ सुरुवातीला काही नव्हते, त्याच्यावर पराभवानंतर शासकीय देणे चढवणे हा या तरतुदीतील सर्वांत दुबळा भाग आहे.

खरी सूट अन्यत्र मिळते. महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता, तर इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत, मोफत वकील आणि न्यायालयीन खर्चाचे साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि प्राथमिक माहिती १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर मिळते.