श्वासाची पेटी घरी येते तेव्हा

'घोरतो म्हणजे गाढ झोपतो', ही समजूत आमच्या सेलूच्या घरातही पिढीजाद होती. पण आमच्या यांचे घोरणे मध्येच तुटे, श्वासच थांबे आणि मग दचकून ते हवा ओढत. मी अंधारात सेकंद मोजत बसे. निद्रातपासणीत श्वास तासाला ४२ वेळा अडतो असे निघाले. ३० च्या वर गेले की विकार तीव्र समजतात.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बुजते. ती हवेच्या दाबाने उघडी ठेवण्याची युक्ती सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडली. आमची सीपॅप पेटी डब्याएवढी, पण लाड जावयाचे! ती पलंगाहून खाली तिपाईवर ठेवली, म्हणजे नळीत साचलेले पाणी नाकाशी येत नाही. ओलाव्याच्या भांड्यात बोअरचे पाणी घातले तर क्षार बसतात. डिस्टिल्ड वॉटरच हवे, तेही रोज ताजे. कापसाच्या मोसमात धुळीमुळे गाळणी वरचेवर पाहावी लागते. वीज जाते म्हणून पेटी इन्व्हर्टरवर जोडली. पाणी तापवणे बंद ठेवले की बॅटरी पुष्कळ पुरते.

पहिल्या चार रात्री यांनी मुखवटा काढून फेकला. "मी काय विमान चालवतोय?" मग दुपारी वर्तमानपत्र वाचताना तो लावून बसायची सवय केली. पट्टे करकचून आवळू नयेत, हे माझे ठाम मत. दाबाचा आकडा मात्र डॉक्टरांनीच ठरवावा. शेजाऱ्याची पेटी मागून आणण्याचा उद्योग नको.

आता रात्री बारीक फुसफुस तेवढी ऐकू येते. मुखवट्याच्या कडेने हवा निसटली की शीळ वाजते. तेवढ्यापुरती मी उठते.