थायरॉईडची प्रतिपिंड चाचणी : आकडा वाढलेला, तरी औषध लागेलच असे नाही

कपड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या दिल्लीतील सरोजिनी नगरपासून सफदरजंग रुग्णालय आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था जवळच आहेत. या भागातील असोत वा मुंबईतील, थायरॉईडच्या तपासणी अहवालात हल्ली अनेकदा टीएसएचच्या जोडीला ‘अँटी-टीपीओ’ ही ओळ असते. तिच्यापुढील मोठा आकडा पाहून रुग्ण धास्तावतो. ही धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते.

टीपीओ हे थायरॉईड ग्रंथीत संप्रेरक तयार करण्यास मदत करणारे विकर आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून त्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या आजारात ती बहुसंख्य रुग्णांत आढळतात. अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे असल्याचे मात्र १९५६ मध्ये, लंडनमधील संशोधकांनी दाखवून दिले.

प्रश्न असा, की प्रतिपिंडे सापडली म्हणजे आजार झाला का? दिल्ली, मुंबई, गोव्यासह आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २२ टक्के व्यक्तींत ही प्रतिपिंडे होती. थायरॉईडची न्यूनता मात्र सुमारे ११ टक्क्यांत. म्हणजे प्रतिपिंडे असलेल्या अनेकांची ग्रंथी व्यवस्थित काम करीत होती. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथील वीस वर्षांच्या पाठपुराव्यानुसार, केवळ प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे २ टक्क्यांना न्यूनता जडते. टीएसएचही वाढलेले असल्यास ४ टक्क्यांहून अधिक जणींना.

त्यामुळे औषध सुरू करण्याचा निर्णय मुख्यत्वे टीएसएच व टी-फोर यांवर होतो. प्रतिपिंडांची चाचणी कारण सांगते, पुढचा धोका सुचवते. ती पुन्हा पुन्हा करून उपचार बदलत नाहीत. खर्च तेवढा वाढतो. टीएसएचची वार्षिक तपासणी अधिक उपयोगी.

गर्भावस्थेत मात्र दक्षता हवी. प्रतिपिंडे असल्यास पहिल्या निम्म्या काळात साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासतात. तथापि, ग्रंथीचे कार्य सामान्य असताना दिलेल्या गोळ्यांनी सुखरूप प्रसूतींचे प्रमाण वाढत नाही, असे २०१९ च्या एका ब्रिटिश चाचणीत दिसले.

ग्रंथी अतिक्रियाशील करणाऱ्या ग्रेव्हज आजारासाठी टीएसएच-ग्राहकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी वेगळी असते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. त्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात.